घरचा गोबर गॅस, छपरावरची वीज आणि सरकारी अनुदान : आधी अर्ज, मग खड्डा



मागील हंगामाच्या तोंडावर एका गटातील शेतकरी मेळाव्यात आम्ही खोडव्याच्या व्यवस्थापनाबद्दल बोलत होतो. पाचट आणि स्लरी यांचा विषय निघाला, त्यावरून गोबर गॅसचा निघाला, आणि उत्साहाच्या भरात आम्ही म्हणून गेलो, "खड्डा काढा, अनुदानाचं आम्ही बघतो." एका सभासदाने ते शब्द खरे धरले. दिवाळी झाल्यावर त्याने घरामागे खड्डा काढला, पाहुण्यांकडून हातउसने पैसे आणले, गवंडी लावून दोन घनमीटरचा घुमट बांधून घेतला आणि पौषात कागदपत्रे घेऊन तालुक्याला गेला. संबंधित कचेरीत उत्तर मिळाले, "काम अर्जाच्या आधीचे आहे, जागेची पाहणी झालेली नाही, आणि या वर्षीचा लक्ष्यांकही संपला." तेथून तो सरळ आमच्याकडे आला व एवढेच म्हणाला, "सायेब, तुम्हीच सांगितलंतं न्हवं?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. संयंत्र उत्तम चालले आहे, घरात धूर नाही, पण हातउसने फेडायला त्याला उसाच्या दुसऱ्या बिलाची वाट पाहावी लागली. चूक आमची होती. योजना आम्हाला ठाऊक होती, तिचा क्रम आम्ही सांगितला नव्हता. तो क्रम या अंकात सांगत आहोत. आमच्या शेतकी खात्याकडे अनुदानाचा एक रुपयाही नसतो, हेही येथेच नमूद केलेले बरे. कोठे, केव्हा, काय घेऊन जायचे एवढेच आम्ही सांगू शकतो.

पहिली गोष्ट अशी की, अनुदान पाठीमागून येते. आधी अर्ज, मग मंजुरी, मग काम, मग पाहणी, आणि त्यानंतर खात्यावर पैसे. म्हणजे सुरुवातीला पदरचा किंवा कर्जाचा पैसा घालावाच लागतो. ठिबकचे तसेच आहे. २०२१ पासून राज्याचा पूरक हिस्सा धरून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदानाचे धोरण आले. हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. पण महाडीबीटीवर पूर्वसंमती मिळण्यापूर्वी संच आणून बसवला तर तो या आकड्यात बसत नाही, हे मात्र दुकानदाराने बिल फाडल्यावर कळते. तेव्हा "अनुदान आल्यावर देतो" असा वायदा करून व्याजाने पैसे काढू नयेत. वस्तू घरच्या हिशेबाने परवडत असेल तरच हात घालावा, अनुदान आले तर ते वरकड समजावे.

आता गोबर गॅसकडे येऊ. हा आपल्याला नवा नाही. १९८१-८२ साली केंद्र सरकारने बायोगॅस विकासाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला आणि त्यात महाराष्ट्राने मोठी आघाडी घेतली. घरगुती संयंत्रांच्या संख्येत आपले राज्य देशात पुढे आहे. खादी ग्रामोद्योगची तरंगत्या लोखंडी टाकीची, १९७८ ची जनता आणि १९८४ ची दीनबंधू, ही सर्व मॉडेल्स आपल्या भागातल्या वाड्यांवर आजही दिसतात. मात्र त्यांतली कित्येक बंद आहेत. कोणाची टाकी गंजली, कोणाचा घुमट तडकला, आणि बहुतेकांच्या दावणीची बैलजोडी जाऊन तेथे ट्रॅक्टर आला. शेणच नाही तर गॅस कोठला? अनुदानावर बांधलेली वस्तू गरजेवर बांधलेली नसली की तिचे असे होते. १९८० च्या दशकात वाटलेल्या निर्धूर चुलींचे धुराडे तुंबले आणि नंतर त्यावर कोंबड्या बसू लागल्या, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून अर्जाआधी गोठा मोजावा. एक घनमीटर गॅसला रोज सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. गाय दिवसाला दहा किलो आणि म्हैस पंधरा किलोच्या आसपास शेण देते असे धरले, तर दोन घनमीटरच्या संयंत्राला चार-पाच जनावरे दावणीला हवीत. जनावरे चरायला जात असतील तर रानात पडलेले शेण हिशेबात धरू नये. दोनच म्हशी असतील तर एक घनमीटर पुरे. शेजारच्याने चारचा बांधला म्हणून आपणही चारचा बांधू नये. उपाशी संयंत्र कधीच नीट चालत नाही.

मिळकत काय? एक घनमीटर गोबर गॅस जवळजवळ ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके काम करतो. दोन घनमीटर रोज भरपूर मिळाला तर महिन्याला सुमारे २६ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या पावणेदोन टाक्यांइतका झाला. हा कागदावरचा हिशेब आहे. थंडीत गॅस कमी पडतो, पाहुणे आले की लाकडे लागतात. तरी पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होतो हे खरे.

पण आम्हा शेतकी माणसांचा डोळा गॅसपेक्षा स्लरीवर असतो. पन्नास किलो शेणात तितकेच पाणी कालवले की दुसऱ्या तोंडाने रोज शंभर लिटरच्या आसपास कुजलेली, वास नसलेली, तणाचे बी बहुतांशी मेलेली स्लरी बाहेर पडते. एकरी तीन ते चार टन पाचट आपल्या रानात पडते, आणि आजही काही सभासद त्याला काडी लावतात. पाचट सरीत दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू टाकावेत अशी शिफारस आहे. त्यावर पाटाच्या पाण्याबरोबर स्लरी सोडली तर कुजण्याचे काम झपाट्याने होते. ज्यांनी सलग दोन खोडवी असे केले त्यांच्या रानात गांडुळाची विष्ठा ढेकळांवर दिसते, आम्ही स्वतः पाहिली आहे.

अनुदानाचे दर असे. २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०२१-२२ ते २०२५-२६ साठी, सर्वसाधारण लाभार्थ्याला एक घनमीटरला ९,८०० रुपये आणि दोन ते चार घनमीटरला १४,३५० रुपये असे केंद्राचे साहाय्य ठरले. अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना दर जास्त ठेवले. शौचालय जोडल्यास १,६०० रुपये वेगळे. जिल्ह्याला दर वर्षी ठरावीक लक्ष्यांक येतो. तो संपला की अर्ज पुढच्या वर्षावर जातो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, ऊसतोड उरकून आपण जरा मोकळे असतो तेव्हाच, पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन चालू वर्षाचा दर व लक्ष्यांक विचारावा आणि अर्ज द्यावा. मंजुरीचा कागद हातात आल्यावर कुदळ मारावी. खड्ड्याचा, बांधकामाचा आणि पेटलेल्या शेगडीचा असे तिन्ही वेळचे फोटो काढून ठेवावेत. मोबाईल आता प्रत्येकाच्या खिशात आहे, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

शौचालय जोडण्याचे नाव काढले की घरात भुवया वर जातात. देहूचे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी याच कामात आयुष्य घातले, लोकांच्या मनातली किळस घरोघरी जाऊन घालवली. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन होत नसेल तर सोळाशे रुपयांसाठी घरात भांडण लावू नये, नुसत्या शेणावरही संयंत्र चालते.

जागेबद्दल दोन शब्द. स्वयंपाकघरापासून फार लांब नको, नाहीतर पाइपात पाणी साठून गॅस अडतो. विहिरीपासून मात्र दहा-पंधरा मीटर लांबच हवे. ऊन पडणारी जागा घ्यावी, मोठ्या झाडाची मुळे टाळावीत. आपल्या नदीकाठच्या काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. पाटपाण्याने भूजल वर आलेले असते आणि जमीन उन्हाळ्यात भेगाळते. अशा जागी घुमट तडकण्याची भीती असते. तेथे खाली मुरुमाची भरणी घेऊन जाणकार गवंड्याकडूनच काम करून घ्यावे आणि बांधकामाला पाणी मारण्यात कंटाळा करू नये. पहिल्या भरणीला दोन घनमीटरसाठी दोन टनांच्या आसपास शेण एकदम लागते, तेव्हा बांधकाम चालू असतानाच शेण साठवायला लागावे.

आणि शेवटचा प्रश्न, जो अर्जात कोठेच विचारलेला नसतो. रोज सकाळी शेण कालवायचे कोणी? एका घरी आम्ही गॅसचे फायदे सांगत असता वहिनी आतून म्हणाल्या, "धूर जाईल हे खरं, पण हात माझंच भरणार न्हवं?" घरमालक जमिनीकडे पाहू लागले. तेथे संयंत्र झाले, पण शेण कालवण्याचे काम थोरल्या मुलाने अंगावर घेतल्यावर. आपल्या घरीही हे आधी ठरवावे.

छपरावरच्या सोलरचा कारभार वेगळा आहे. येथे पंचायत समितीचा संबंध नाही, सर्व अर्ज संगणकावरून होतो. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तिची मुदत २०२६-२७ अखेर ठेवली आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये असे केंद्राचे अनुदान आहे. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज होते. महिन्याला दीडशे युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला एक ते दोन किलोवॅट, तीनशेपर्यंत दोन ते तीन, असा सरकारी ठोकताळा आहे.

"मोफत" या शब्दाने मात्र बराच गोंधळ केला आहे. मागील बारा महिन्यांची बिले काढून युनिटचा आकडा पाहावा. चाळीस-पन्नास युनिट वापर असलेल्या घराने शेजाऱ्याच्या नादाने तीन किलोवॅट बसवण्यात अर्थ नाही. संच बसवल्यावरही स्थिर आकार द्यावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, बॅटरी नसलेला असा संच लाइन गेली की आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या बाजूने शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था केलेली असते. "ऊन पडलंय आणि घरात दिवा नाही, संच बिघडला" म्हणून दोन सभासद आमच्याकडे आले होते. संच बिघडला नव्हता, बसवणाऱ्याने सांगितले नव्हते.

क्रम येथेही तोच. योजनेच्या सरकारी पोर्टलवर वीजग्राहक क्रमांक घालून अर्ज, त्यानंतर महावितरणकडील नोंदणीकृत पुरवठादार निवडणे, त्याच्याशी लेखी करार, काम, महावितरणची पाहणी, नेट मीटर, आणि त्यानंतर बँक खात्यावर अनुदान. पॅनेल देशी बनावटीचे नसेल तर अनुदान मिळत नाही, तेव्हा बिलावर तसे लिहून घ्यावे. पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते, तीही करारात पाहावी. तीन किलोवॅटपर्यंत बँका तारणाशिवाय कर्ज देतात. अर्जाला फी नाही. जो "सबसिडी काढून देतो, दोन हजार द्या" म्हणतो त्याला चहा पाजून वाटेला लावावे, आणि मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांनी हंगामात पॅनेल आठवड्यातून दोनदा धुवावेत. काजळी कोठून येते हे आम्ही सांगायला नको.

शेतीपंपासाठी २०२४ ची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना वेगळी आहे. त्यात शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. पण ज्यांच्या विहिरीवर आधीच विजेची मोटर जोडलेली आहे त्यांच्यासाठी ती नाही, आणि आपले बहुतेक सभासद त्यातच मोडतात.

आता ज्या ठिकाणी सर्वांत जास्त अर्ज अडतात तेथे येतो, म्हणजे नावावर. कारखान्याच्या भागपत्रावर बापूसो, आधारवर बापूसाहेब, बँकेत बापू, आणि विजेचे बिल वारलेल्या वडिलांच्या नावाने. माणूस एकच, पण संगणकाला चौघे दिसतात. सोलरला अर्जदाराचे नाव विजेच्या बिलाशी जुळावे लागते. वडील जाऊन दहा वर्षे झाली, बिल मुकाट भरले जाते, म्हणून कोणी नाव बदलत नाही. एका घरी तीन भाऊ, तीन चुली आणि मीटर एकच. धाकट्याने सोलर घ्यायचे ठरवले तेव्हा थोरल्याला वाटले की मीटरबरोबर घरही नावावर करून घेतो आहे. मृत्यूचा दाखला होता, घराचा उतारा होता, फक्त भावांची संमती नव्हती. आम्ही व गटाच्या संचालकांनी दोनदा बसवून समजावले, की बिलावरचे नाव हा काही मालकीचा कागद नव्हे. सह्या झाल्या, पण मधे वर्ष गेले. आपल्या घरी असे असेल तर योजना राहू द्या बाजूला, बिलावरचे नाव आधी बदलून घ्यावे.

बँकेचेही तसेच. सरकारी पैसे हल्ली आधार जोडलेल्या खात्यावर जातात. आधार दोन-तीन बँकांत दिलेले असेल तर पैसे शेवटी ज्या बँकेशी जोडणी झाली तेथे पडतात. "मंजूर झालं पण आलंच नाही" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचे पैसे मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या जुन्या खात्यात पडून होते. आपली जोडणी कोणत्या बँकेशी आहे ते शाखेत जाऊन विचारावे, पाच मिनिटांचे काम आहे.

गावाच्या कामांबद्दल थोडक्यात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेला होता, त्यात पावसाचे पाणी साठवणे आणि सांडपाण्याचा पुनर्वापरही बसत होता. उरलेल्या ४० टक्क्यांतून गावाला आपल्या गरजेचे काम घेता येत होते. स्वच्छ भारतच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गोबरधनखाली सार्वजनिक गोबर गॅससाठी जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत तरतूद होती. सूर्यघर योजनेत पाच हजारांवर लोकवस्तीच्या गावांची जिल्ह्यात स्पर्धा ठेवून जिंकणाऱ्या गावास एक कोटी रुपये आहेत. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात २०२० पासून ग्रामपंचायतींना गुण व बक्षिसे मिळत आली. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरले, आणि तो गाव काही मोठा नाही.

हे सर्व पैसे ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून जातात. आराखडा पुढच्या वर्षाचा असतो आणि तो आदल्या वर्षी २ ऑक्टोबरपासूनच्या ग्रामसभांत ठरतो. नेमका तेव्हा आपला सभासद नोंदी, मुकादम व टोळीच्या विवंचनेत असतो, ग्रामसभेला पंधरा डोकी जमतात आणि आराखड्यात पुन्हा काँक्रीटचा रस्ता येतो. आम्ही राजकारणात पडत नाही. पण सांडपाण्याचे काम हवे असेल तर ते त्या सभेत बोलून, इतिवृत्तात लिहिलेले डोळ्यांनी पाहून मगच घरी यावे.

सुरुवातीला ज्या सभासदाची गोष्ट सांगितली त्याच्या चुलत भावाने यंदा एप्रिलमध्येच अर्ज दिला. मंजुरी आली आहे, खड्ड्याची आखणी परवा झाली. आखणीला आम्ही होतो, आणि तो सभासदही होता. फोटो त्यानेच काढला.

प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा ते एक या वेळात गटकार्यालयात अर्ज पाहून देण्याची सोय केली आहे. येताना आधार, बँकेचे पासबुक, विजेचे चालू बिल, घराचा उतारा आणि भागपत्र घेऊन यावे. बिल वडिलांच्या नावाचे असेल तर मृत्यूचा दाखलाही आणावा, आणि जमले तर भावांनाही बरोबर आणावे. झेरॉक्स कार्यालयात निघते, पण लाइन असेल तरच, तेव्हा गावातून काढून आणलेली बरी.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते